सर ख्रिस्तोफर इंगोल्ड : संशोधन, सहकारी आणि डोंगर



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या आमच्या सरांनी अकरावीच्या वर्गात फळ्यावर काढलेला एक वाकडा बाण मला अजून डोळ्यांपुढे दिसतो. एका बाजूला सोडियम, दुसऱ्या बाजूला क्लोरिन, आणि मधून कमानीसारखा गेलेला खडूचा बाण. 'इलेक्ट्रॉन इकडून निघाला आणि तिकडे गेला,' एवढेच सर म्हणाले. सरांची आणखी एक सवय येथे बसलेल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. एखाद्या मुलाने उदाहरण वेगळ्या रीतीने सोडवले की सर ती रीत फळ्यावर लिहीत आणि कोपऱ्यात त्या मुलाचे नाव लिहीत. तास संपल्यावर फळा पुसताना ते नाव सर्वांत शेवटी पुसत.

पुढे याच इंदुरात महाविद्यालयात मी तेहतीस वर्षे सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवले आणि दरवर्षी विद्यार्थ्यांना सांगत आलो की हा वाकडा बाण सर ख्रिस्तोफर इंगोल्ड यांनी रसायनशास्त्राला दिला. निवृत्तीनंतर मूळ शोधनिबंध सवडीने वाचायला घेतले तेव्हा ध्यानात आले की मी चूक शिकवत होतो. बाण त्यांचा नव्हता. त्यांचे जे खरोखर होते ते बाणाहून मोठे होते, आणि त्यातही इतरांचा वाटा बराच होता. आज मी बोलणार आहे ते या हिशेबाविषयी.

इंगोल्ड यांचा जन्म २८ ऑक्टोबर १८९३ रोजी लंडनमध्ये झाला. वडिलांच्या प्रकृतीसाठी कुटुंब आइल ऑफ वाइट या बेटावर राहायला गेले, परंतु मुलगा पाच वर्षांचा असतानाच वडील वारले. शिक्षण साउथॅम्प्टनला आणि नंतर लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात जोसेलिन थॉर्प यांच्या हाताखाली झाले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस दोनएक वर्षे ग्लासगोच्या एका सायनाइडच्या कारखान्यात काढून ते १९२० मध्ये इम्पीरियलला परतले. १९२४ मध्ये, वयाच्या तिशीत, ते लीड्सला प्राध्यापक झाले आणि त्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतले. असा हा झपाट्याने वर चढलेला माणूस होता.

त्या काळचे सेंद्रिय रसायनशास्त्र म्हणजे एक प्रचंड पाकशास्त्र होते, असे म्हटले तर वावगे होणार नाही. अमुक पदार्थात तमुक घाला, इतके तापवा, म्हणजे हे मिळेल. लाखो कृती ठाऊक होत्या. पण भांड्याच्या आत नेमके काय घडते, कोणता बंध आधी तुटतो, कोणता नंतर जुळतो, हे विचारणारे थोडे आणि ज्यांना उत्तर देता येईल असे त्याहून थोडे. घटनेचा आरंभ आणि शेवट दिसे, मधला भाग अंधारात. या मधल्या भागाला आपण अभिक्रियेची यंत्रणा म्हणतो.

त्या अंधारात पहिला दिवा इंगोल्ड यांनी लावला नाही. आर्थर लॅपवर्थ आणि रॉबर्ट रॉबिन्सन हे दोघे त्यांच्या आधीच तेथे पोहोचले होते. १९२२ मध्ये रॉबिन्सन यांनी एका तरुण सहकाऱ्याबरोबर लिहिलेल्या निबंधात रेणूमधील इलेक्ट्रॉन कोठून कोठे सरकतात हे दाखवण्यासाठी वाकड्या बाणाचा उपयोग केला. आमच्या सरांच्या फळ्यावरच्या बाणाचा पूर्वज तोच. त्या तरुण सहकाऱ्याचे नाव विल्यम ओगिल्वी कर्मॅक.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण ते मला टाळवत नाही. १९२४ मध्ये एडिंबरोच्या प्रयोगशाळेत दाहक अल्कलीचा स्फोट होऊन सव्विसाव्या वर्षी कर्मॅक यांची दृष्टी कायमची गेली. आंधळा माणूस प्रयोगशाळेत काय करणार? ते गणिताकडे वळले. भारतात वैद्यकीय सेवेत राहिलेले ए. जी. मॅकेंड्रिक यांच्यासह त्यांनी १९२७ मध्ये साथीच्या रोगांचा गणिती सिद्धान्त मांडला आणि तो पडताळण्यासाठी आकडे घेतले ते १९०५-०६ मधील मुंबईच्या प्लेगचे. २०२० साली करोनाच्या साथीत रुग्णसंख्येचे जे आलेख आपण दररोज वर्तमानपत्रांत पाहिले, त्यांच्यामागचे मूळ गणित हेच. वाकड्या बाणाचा एक जनक आणि मुंबईच्या प्लेगवर गणित मांडणारा एक अंध शास्त्रज्ञ हे दोघे एकच, हे मला वयाच्या सत्तरीत कळले. रसायनशास्त्राच्या पुस्तकांत बाणाच्या संदर्भात नाव येते ते बहुधा रॉबिन्सन यांचेच.

तर रॉबिन्सन आणि इंगोल्ड. १९२४ ते १९२६ या काळात दोघांमध्ये कडाक्याचा वाद झाला. बेन्झिनच्या कड्यावर एक गट आधीच बसलेला असेल तर नवा गट कोठे येऊन बसेल, असा प्रश्न होता. प्रश्न दिसायला क्षुल्लक, पण रंगांपासून औषधांपर्यंत सारा उद्योग त्यावर उभा होता. इंगोल्ड प्रारंभी रॉबिन्सन यांच्या इलेक्ट्रॉनी विचारसरणीच्या विरुद्ध बाजूस होते. त्यांनी ती प्रयोगांनी खोडून काढण्याचा प्रयत्न केला. मात्र प्रयोग हळूहळू उलट साक्ष देऊ लागले. १९२६ मध्ये त्यांनी भूमिका बदलली, आणि ज्या मताशी भांडण मांडले होते तेच मत पुढे अधिक व्यापक आणि अधिक काटेकोर करून मांडले. रॉबिन्सन यांच्या मनात कायमचा सल राहिला की आपली कल्पना दुसऱ्याने उचलली, नवी नावे दिली, आणि जगाने ती त्याची मानली. १९७५ मध्ये ते वारले. त्यानंतर प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आठवणींतही ही कटुता ओसरलेली नाही.

माझे मत विचाराल तर कल्पनेच्या अग्रक्रमाबाबत रॉबिन्सन यांची बाजू न्याय्य होती. मात्र रॉबिन्सन यांचा बाण ही एका विलक्षण प्रतिभावंताची अंतःप्रेरणा होती. तो बरोबर आहे की नाही हे ब्युरेट आणि घड्याळ घेऊन तपासता येईल अशी रीत इंगोल्ड यांनी घातली. मत बदलण्याला तर मी दोष मानीतच नाही. प्रयोगाने सांगितले म्हणून मत बदलणारा शास्त्रज्ञ आपण मुलांपुढे आदर्श म्हणून ठेवतो. मत बदलल्यावर ज्याचे होते त्याला उघडपणे श्रेय द्यावे, एवढीच अपेक्षा असते, आणि तेथे इंगोल्ड यांचा हात आखडता राहिला.

ज्या निबंधात हे वळण दिसते तो १९२६ चा निबंध मी पहिल्यांदा मुळातून वाचला तेव्हा शीर्षकाखालच्या नावांपाशीच थबकलो. लेखक दोन आहेत : सी. के. इंगोल्ड आणि ई. एच. इंगोल्ड. दुसरे नाव त्यांच्या पत्नीचे. पूर्वाश्रमीच्या एडिथ हिल्डा अशरवुड. विवाह १९२३ मध्ये झाला. त्यापूर्वीच इम्पीरियल कॉलेजातील संशोधक म्हणून त्यांचे स्वतःच्या नावाने निबंध प्रसिद्ध झालेले होते. म्हणजे पतीच्या लेखनिक म्हणून त्या या निबंधात आलेल्या नव्हेत. इंगोल्ड यांच्या आयुष्यातील सर्वांत अवघड वळणावर, जेथे जाहीरपणे आपली जुनी बाजू सोडायची होती तेथे, त्यांच्या सोबत सही करणारी व्यक्ती ही होती. पुढे तीन मुले झाली, लीड्स सुटले, लंडनच्या मोठ्या विभागाचा पसारा आला, आणि हिल्डा यांचे नाव शोधनिबंधांवरून मावळत गेले. त्या १९८८ पर्यंत जगल्या. मी स्वतः वर्गात आणि माझ्या प्रबंधात हा निबंध 'इंगोल्ड, १९२६' असाच उद्धृत केला आहे. दोन्ही लेखकांचे आडनाव एकच असल्यामुळे एक माणूस किती सहज नाहीसा होतो पाहा.

१९३० मध्ये इंगोल्ड लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आले. जागा रिकामी झाली होती ती रॉबिन्सन ऑक्सफर्डला गेल्यामुळे. दैवाची थट्टा म्हणावी अशी ही गोष्ट. येथे त्यांना एडवर्ड डेव्हिड ह्यूज हा सहकारी मिळाला. वेल्समधील शेतकरी कुटुंबातला, वेल्श भाषेत वाढलेला हा तरुण प्रयोगात अत्यंत काटेकोर. शर्यतीचे ग्रेहाउंड कुत्रे पाळण्याचा त्याला नाद होता. दोघांची जोडी १९६३ मध्ये ह्यूज यांच्या अकाली निधनापर्यंत टिकली.

त्यांच्या कामातला गाभा रसायनशास्त्र न शिकलेल्यांनाही सांगता येतो. कार्बनच्या एका अणूला चार बंध असतात. समजा त्यांपैकी एकावर क्लोरिन बसला आहे, आणि त्याला हटवून तेथे दुसरा गट यायचा आहे. आपल्या जुन्या वाड्यांतील भाड्याच्या खोलीचे उदाहरण घ्या. भाडेकरू दोन रीतींनी बदलतो. एक, नवा भाडेकरू मागच्या दाराने सामान आत ढकलतो आणि त्याच वेळी जुना पुढच्या दाराने बाहेर पडतो. दोन, जुना आपल्या मनाने आधी निघून जातो, खोली थोडा काळ रिकामी राहते, आणि मग कोणी तरी येतो. वरून पाहणाऱ्याला दोन्हींत फरक दिसत नाही : काल तो होता, आज हा आहे. फरक कळतो तो वेगावरून. पहिल्या रीतीत बाहेर वाट पाहणारे दुप्पट झाले तर बदलही दुप्पट वेगाने होईल. दुसऱ्या रीतीत दाराशी कितीही गर्दी करा, जुना उठेपर्यंत काही घडणार नाही. पहिल्या रीतीला त्यांनी एसएन-२ आणि दुसरीला एसएन-१ अशी चिन्हे दिली. आज जगातील प्रत्येक रसायनशास्त्राचा विद्यार्थी ही चिन्हे घोकतो. नव्याने येणाऱ्या गटांना त्यांनी दिलेली नावे मराठीत केंद्रकस्नेही आणि इलेक्ट्रॉनस्नेही अशी रुळली. मूळ शब्द १९३३ चे आहेत. रॉबिन्सन यांच्या पक्षाचे शब्द निराळे होते. ते आता कोशात पाहावे लागतात.

याच १९३३ मध्ये केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात या द्विविध यंत्रणेची मांडणी करणारा जो निबंध आला त्यावर तीन नावे आहेत : ह्यूज, इंगोल्ड आणि सी. एस. पटेल. पाठ्यपुस्तके पहिली दोन सांगतात. तिसरे नाव वाचून मला जे वाटले ते आपल्यापैकी कोणालाही वाटेल. आपल्या शेजारच्या प्रांतातले हे आडनाव ज्या पानावर आहे ते पान मी तेहतीस वर्षे न उघडता शिकवत होतो.

आणि मग १९३५ चा तो सुप्रसिद्ध प्रयोग. भाडेकरू मागच्या दाराने शिरतो असे म्हणायला पुरावा काय? तसे होत असेल तर कार्बनभोवतीची मांडणी दरवेळी उलटी झाली पाहिजे, डाव्या हाताचा उजवा हात व्हावा तशी. हे पाहण्यासाठी त्यांनी आयोडोऑक्टेन हा द्रव घेतला. तो ध्रुवित प्रकाशाचे प्रतल एका दिशेला फिरवतो. त्याच्यावर आयोडाइडची क्रिया घडवली. म्हणजे आयोडिन जाऊन आयोडिनच आला. येणारा ओळखायचा कसा? त्याला किरणोत्सारी करून. हा आयोडिन असा की त्याची किरणोत्सारिता सुमारे पंचवीस मिनिटांत निम्मी होते, तेव्हा सारे काम घाईने उरकायचे. दोन गोष्टी मोजल्या : किती आयोडिन बदलला आणि प्रकाश फिरवण्याची शक्ती किती घटली. दुसरा वेग पहिल्याच्या बरोबर दुप्पट आला. दुप्पट का, हे राजकारण जाणणाऱ्या इंदूरकरांना सांगायला नको. शंभर सभासदांच्या सभेत सारे एका बाजूला असताना एकाने पक्ष बदलला तर बहुमत शंभरावरून अठ्ठ्याण्णवावर येते. एक गेला, पण फरक दोनाचा पडला. तेव्हा प्रत्येक बदलात मांडणी उलटते, एकही अपवाद नाही. १८९६ मध्ये पॉल वाल्डेन यांनी पाहिलेले कोडे अशा रीतीने सुटले. इतक्या साध्या बेरीज-वजाबाकीने इतकी मोठी गोष्ट सिद्ध झाल्याचे दुसरे उदाहरण रसायनशास्त्रात मला तरी ठाऊक नाही.

या निबंधावर पाच नावे आहेत : ह्यूज, ज्युलियसबर्गर, मास्टरमन, टॉपली, वाइस. इंगोल्ड यांचे नाव नाही! सिद्धान्त त्यांचा आणि ह्यूज यांचा, विभाग त्यांचा, तरीही ज्यांनी हाताने काम केले त्यांचीच नावे. रॉबिन्सन यांच्या बाबतीत ज्या माणसाचा हात आखडता होता तोच येथे स्वतःचे नाव बाहेर ठेवतो. माणसे अशीच असतात. एका मापाने मोजू गेले की फसगत होते.

दुसऱ्या महायुद्धात विभाग लंडनहून वेल्समधील ॲबरिस्टविथला हलवावा लागला. त्या काळात आणि त्यानंतर नायट्रेशनच्या यंत्रणेवरचे काम झाले आणि १९५० मध्ये नियतकालिकाच्या शेकडो पानांवर एका मागोमाग एक निबंधांची रांगच प्रसिद्ध झाली. १९५३ मध्ये सेंद्रिय रसायनातील रचना आणि यंत्रणा यांवरचा त्यांचा महाग्रंथ आला. १९६९ ची दुसरी आवृत्ती हजाराहून अधिक पानांची आहे, आणि ती सिद्ध करताना लेखक पंचाहत्तरीचे होते. आमच्या विभागाच्या ग्रंथालयात ती एक प्रत होती. एका वेळी दोनच दिवस घरी मिळे आणि सायकलच्या कॅरिअरला दोरीने बांधून न्यावी लागे. १९५६ मध्ये रॉबर्ट कान आणि व्लादिमिर प्रेलोग यांच्यासह त्यांनी उजव्या-डाव्या मांडणीच्या रेणूंना नाव देण्याचे जे नियम केले तेही आज सर्वत्र वापरात आहेत. नावे देणे हा त्यांचा स्वभावच होता.

आता त्यांच्या प्रयोगशाळेबाहेरच्या आयुष्याविषयी. इंगोल्ड यांचा छंद डोंगरांचा होता : चालणे, खडक चढणे. आणि गंमत अशी की रॉबिन्सन हेही पट्टीचे गिर्यारोहक. त्यांना बुद्धिबळाचाही नाद होता आणि १९५० ते १९५३ ते ब्रिटिश बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष होते. रॉबिन्सन यांच्या पत्नी गर्ट्रूड याही रसायनशास्त्रज्ञ, पतीबरोबर फुलांच्या रंगद्रव्यांवर निबंध लिहिणाऱ्या आणि पतीबरोबर डोंगर चढणाऱ्या. दोन हाडवैरी, दोघांनाही डोंगराची ओढ, दोघांच्याही घरी रसायनशास्त्रज्ञ पत्नी, आणि दोघींचीही नावे आज चरित्रलेखाच्या एका ओळीत संपतात.

डोंगरांचा विषय निघाला म्हणून सांगतो. इम्पीरियल कॉलेजातच रसायनशास्त्राचे आणखी एक प्राध्यापक जॉर्ज इंगल फिंच होते. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत प्राणवायूच्या साहाय्याने ते जेफ्री ब्रूस यांच्यासह तोपर्यंत कोणीही न गाठलेल्या उंचीपर्यंत गेले होते. हेच फिंच १९५२ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. १९५७ मध्ये त्यांच्या जागी जे पहिले भारतीय संचालक आले ते के. वेंकटरामन, मँचेस्टरचे रॉबिन्सन यांचे विद्यार्थी. पाषाण रस्त्यावरच्या त्या इमारतीशी या कथेचा धागा असा दोन बाजूंनी जुळतो.

डोंगर आणि रसायनशास्त्र यांची तुलना करण्याचा मोह मला होतो. अभिक्रियेच्या ऊर्जेचा आलेख डोंगरासारखाच असतो, आणि रेणू शिखरावरून न जाता खिंडीतून पलीकडे उतरतात. पण इंगोल्ड खडक चढताना खिंडींचा विचार करीत होते असे म्हणणे ही कादंबरी होईल. कित्येक शास्त्रज्ञ डोंगरावर जातात ते रेणू विसरण्यासाठी.

१९४७ चे नोबेल पारितोषिक रॉबिन्सन यांना मिळाले, तेही वनस्पतिजन्य द्रव्यांवरील, विशेषतः अल्कलॉइडांवरील कामासाठी, बाणासाठी नव्हे. इंगोल्ड यांचे नाव अनेकदा सुचवले गेले, पण पारितोषिक त्यांना मिळाले नाही. १९५८ मध्ये ते सर झाले. ८ डिसेंबर १९७० रोजी त्यांचे निधन झाले. युनिव्हर्सिटी कॉलेजची रसायनशास्त्राची इमारत आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. चिरंजीव कीथ इंगोल्ड हे कॅनडात मुक्त मूलकांचे नामवंत अभ्यासक झाले. तेही २०२३ मध्ये गेले.

थोडे माझ्याविषयी सांगून थांबतो. हे येथे सांगावे की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. माझे संशोधन एस्टरांच्या जलअपघटनाच्या वेगांवर होते, म्हणजे इंगोल्ड यांच्याच रस्त्यावरची एक गल्ली. रात्री-बेरात्री दर वीस मिनिटांनी नमुना काढून ब्युरेटने मोजायचा. मी तरुण, नवा संसार. पुष्कळ रात्री मी घरी जात असे आणि वाचने घेत बसत ते विभागातले एक परिचर. एके दिवशी माझे आकडे काही केल्या सरळ रेषेत येईनात. तेव्हा त्यांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. रात्री विजेचा दाब उतरला की पाण्याच्या हौदाचे तापमान पाऊण अंशाने खाली येते, हे त्यांच्या लक्षात आले होते. कोणी न सांगता त्यांनी आठ रात्रींची तापमाने वेळेसह टिपून ठेवली होती. त्या कागदावरून मी दुरुस्ती केली, रेषा सरळ आली, प्रबंध पुरा झाला.

या व्याख्यानाच्या तयारीत तो प्रबंध कपाटातून काढला. आभाराचे पान आहे. मार्गदर्शक आहेत, विभागप्रमुख आहेत, टंकलेखक आहेत, माझी पत्नी आहे. ते नाहीत. आता लिहावे म्हणून पेन उघडले, आणि त्यांचे नाव मला आठवेना. आम्ही सगळे त्यांना नुसते काका म्हणत असू.